अर्धेलीचे पांढरे रस्ते

दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला इटलीतल्या सिएना शहराभोवतीच्या टेकड्यांवर जगातले नामांकित सायकलपटू पांढऱ्या धुळीने माखून निघतात. पाऊस झालेला असेल, तर चिखलाने. ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते, हेच त्या शर्यतीचे नाव. गव्हाची हिरवी शेते, टेकडीच्या माथ्यावर एकटेच उभे दगडी घर, घराकडे वळत जाणारी सायप्रसची रांग आणि तिच्या कडेने डांबर न पडलेला खडीचा रस्ता हे चित्र कॅलेंडरांतून आणि पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींतून आपल्याही ओळखीचे झाले आहे. पाहणाऱ्याला वाटते, की तोस्काना प्रांताचा, म्हणजे इंग्रजीतल्या टस्कनीचा, हा देखावा शतकानुशतके असाच आहे आणि कोणी त्याला हात लावला नाही म्हणून तो टिकला.

मला दिसते ते वेगळे. हा रस्ता हात लावल्याशिवाय चार-दोन हिवाळेही टिकत नाही. तो घडवला एका विशिष्ट शेतीपद्धतीने; आपल्या भाषेत सांगायचे तर अर्धेलीने. ती पद्धत मोडली, माणसे निघून गेली आणि मागे कोणी डांबर मागणारेच उरले नाही म्हणून तो पांढरा राहिला. पुढे हौशी सायकलवाल्यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. या तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या आहेत आणि तिसरी पाहताना पहिल्या दोन विसरल्या जातात.

आधी थोडे सायकलीविषयी. शर्यतीच्या सायकलीचे टायर पूर्वी पंचवीस मिलिमीटरच्या आतबाहेर रुंद आणि टणक फुगवलेले असत. डोंगरातल्या दगडधोंड्यांसाठी जाड टायरची माउंटन बाइक. या दोहोंच्या मधली ‘ग्रॅव्हल बाइक’ गेल्या वीसएक वर्षांत रुळली. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर पस्तीस ते पन्नास मिलिमीटर, त्यात हवा कमी, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, फ्लिंट हिल्सच्या कुरणांतून २००६ साली सुरू झालेल्या दोनशे मैलांच्या शर्यतीने या प्रकाराचा बराच गाजावाजा झाला. २०२२ मध्ये त्याची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली ती इटलीतच, व्हेनेतो प्रांतात. नाव नवे असले तरी कृती जुनीच. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सायकलपटू खडीवरूनच शर्यती करत, कारण गावाबाहेर दुसरा रस्ता क्वचितच होता.

आता रस्ता. तो पांढरा दिसतो चुनखडकामुळे. कियांती भागात जमीन खणली की फिकट रंगाचा चुनखडक वर येतो. तोच घराच्या भिंतीला, तोच बांधाला आणि तोच फोडून रस्त्याला. नदीतले गोटे गोल असतात, चाकाखाली घरंगळतात. फोडलेल्या खडीला कोपरे असतात आणि ते एकमेकांत अडकतात. मधल्या फटींत कच भरला, पाणी मारले, दाबले, की वर एक कवच तयार होते. आपल्याकडे खेड्यापाड्यांत ज्याला ‘डब्ल्यूबीएम’ म्हणतात तो या घराण्यातला रस्ता. त्यातला शेवटचा ‘एम’ जॉन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाच्या नावाचा. १८१६ मध्ये तो ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. खडीचा एकही तुकडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जड नसावा आणि रस्त्याखालची जमीन कोरडी राहावी, अशा त्याच्या दोन मुख्य अटी होत्या. पहिली अट लोकांच्या लक्षात राहिली. मोलाची दुसरी. खडीचा रस्ता चाकाने झिजतो, पण मरतो पाण्याने. म्हणून मध्यभाग किंचित उंच, दोन्ही अंगांना उतार, कडेला चर आणि चरातले पाणी पलीकडे काढायला मोरी. चर बुजला की पाणी रस्त्यावर चढते, कच वाहून नेते, खडी सुटी होते, आणि पुढच्या गाडीचे चाक तिथे खड्डा करते.

कोरड्या दिवसांत दुसरा त्रास असतो. सुट्या खडीवर रांगेने आडव्या लाटा उठतात, पन्हळी पत्र्यासारख्या. सायकलस्वाराच्या मनगटांना आणि दातांना त्या नीट ठाऊक असतात. गाडीची स्प्रिंग किंवा इंजिनाचा थरार त्यांना कारण असावा असे पुष्कळांना वाटते. २००७ मध्ये तीन पदार्थवैज्ञानिकांनी वाळूच्या गोल फिरणाऱ्या थरावर एक साधे चाक फिरवून दाखवले, की एका ठरावीक वेगाच्या वर गेले की स्प्रिंग नसतानाही लाटा उठतातच. चाक बारीकशा उंचवट्यावर उडते, पुढे आपटते, तिथली वाळू ढकलते आणि नवा उंचवटा करते. लाटा मोडून काढल्या तरी त्या पुन्हा येणार. मग उपाय दोनच: सगळ्यांनी बैलगाडीच्या चालीने जायचे, नाहीतर अधूनमधून ग्रेडर फिरवून रस्ता पुन्हा सपाट करायचा. थोडक्यात, पांढऱ्या रस्त्याला कायमचा चाकर लागतो. हा चाकर पूर्वी कोण होता, ते पाहण्यासाठी शेतीकडे वळावे लागते.

मध्य इटलीत तेराव्या शतकापासून ‘मेझाद्रीआ’ ही पद्धत पसरत गेली. ‘मेझो’ म्हणजे अर्धा. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुळाच्या सगळ्या कुटुंबाचे, पीक निम्मे निम्मे. आपल्याकडची अर्धेल किंवा बटाई डोळ्यांपुढे आणली, तर व्यवहार लगेच कळतो. एक फरक मात्र मोठा आहे, आणि माझ्या मते सगळा देखावा त्या फरकातून निघाला आहे. आपला शेतकरी, निदान जुन्या पद्धतीत, गावठाणात राहतो आणि सकाळी शिवारात जातो. अलीकडे पश्चिम महाराष्ट्रात वस्तीवर राहणे वाढले, ती गोष्ट वेगळी. तोस्कानातला अर्धेलकरी गावात राहत नसे. त्याच्या वाट्याच्या जमिनीच्या तुकड्याला ‘पोदेरे’ म्हणत आणि त्याचे घर त्या तुकड्यातच असे. खाली गोठा, वर माणसे. गहू, द्राक्षवेली, ऑलिव्ह, चार जनावरे, भाजीचा वाफा, सगळे घराभोवती. असे कित्येक पोदेरे मिळून एक इस्टेट. तिचे कोठार, दारूचे तळघर आणि मालकाचा कारभारी दुसऱ्या टेकडीवर.

म्हणजे प्रत्येक घरापासून कोठारापर्यंत गाडी जाईल असा रस्ता हवाच, कारण मालकाचा अर्धा वाटा त्या रस्त्याने जायचा. आपल्या शिवारातल्या वाटा गावठाणातून बाहेर फाकतात आणि शेतात संपतात. तिथे वाटा घराघराला शिवत, टेकडीमागून टेकडी ओलांडत जाळ्यासारख्या विणल्या गेल्या. ओढणारी जनावरे बहुतेक कियाना खोऱ्याची: पांढरी, आपल्या खिल्लारीपेक्षा कितीतरी थोराड बैलजोडी. दुरुस्तीचे कष्टही कुळांच्याच अंगावर. शेतातले दगड वेचायचे, फोडायचे, चाकोरीत भरायचे, चर उपसायचा.

रस्ते टेकडीच्या माथ्यावरून का जातात, तेही इथेच सांगून टाकतो. सिएनाच्या आग्नेयेला ‘क्रेते सेनेसी’ नावाचा मुलूख आहे. ‘क्रेता’ म्हणजे चिकणमाती. प्लायोसीन काळात, काही दशलक्ष वर्षांपूर्वी, इथे समुद्र होता. त्याच्या तळाचा करडा गाळ म्हणजे ही जमीन. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात घसरते. घळींत रस्ता केला तर तो दरवर्षी गिळला जाणार. माथ्यावर दोन्ही बाजूंना पाणी आपोआप उतरते. नांगरणीपूर्वीच्या या मुलखात क्षाराने पांढरट झालेल्या, घुमटासारख्या उघड्या टेकड्या पुष्कळ होत्या. युद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि गव्हासाठी त्यांतल्या कित्येक सपाट झाल्या. आज ज्या गुळगुळीत हिरव्या लाटांचे फोटो काढले जातात, त्यांतल्या काही अशा ट्रॅक्टरने केलेल्या आहेत.

सिएनाच्या नगरभवनात आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये रंगवलेले एक विस्तीर्ण भित्तिचित्र आहे: चांगल्या राज्यकारभाराचे शहरावर आणि खेड्यावर होणारे परिणाम. शहराच्या वेशीतून एक रस्ता टेकड्यांत उतरतो. त्यावरून धान्याची पोती लादलेली गाढवे शहराकडे येत आहेत, एक शेतकरी डुक्कर हाकत आणतो आहे, आणि समोरून नटूनथटून घोड्यांवर बसलेले श्रीमंत शिकारीला बाहेर पडत आहेत. वेशीवर ‘सुरक्षा’ नावाची देवता तरंगते. तिच्या एका हातात निर्भयपणे प्रवास करा असे सांगणारी पताका आणि दुसऱ्या हातात फाशी दिलेल्या माणसासकट फासाचा खांब. कलासमीक्षक या चित्रातल्या निसर्गाविषयी भरभरून लिहितात. मला त्यातला रस्ता जास्त बोलका वाटतो. कामासाठी आत येणारा आणि मौजेसाठी बाहेर जाणारा, दोघे एकाच वाटेवर, पावणेसातशे वर्षांपूर्वीच. सिएनाच्या दक्षिणेकडच्या ओर्चा खोऱ्याला २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले, ते याच कारणाने: त्या राज्यकारभाराच्या कल्पनेप्रमाणे मुद्दाम घडवलेला भूभाग म्हणून.

त्या खोऱ्यातला सर्वांत जास्त छायाचित्रे निघालेला, सायप्रसच्या दुहेरी रांगेतून नागमोडी चढणारा रस्ता तर विसाव्या शतकातला आहे. आयरिस ओरिगो ही इंग्लिश-अमेरिकन लेखिका आणि तिचा इटालियन पती यांनी १९२४ च्या सुमारास ला फोचे नावाची उजाड झालेली इस्टेट घेतली, धूप थांबवली, कुळांची घरे आणि शाळा बांधल्या. रस्त्याचा आराखडा त्यांचा वास्तुकार सेसिल पिन्सेंट याचा. जुन्या सिएनी चित्रांतल्यासारखा दिसावा अशी त्यामागची दृष्टी. चित्र पाहून रस्ता केला आणि तो रस्ता पाहून आपण म्हणतो, अगदी चित्रासारखा आहे!

याच रस्त्यांवरून १९४४ च्या उन्हाळ्यात मराठी माणसे चालत गेली आहेत. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोंतेस्पेर्तोलीजवळ मोंतेगुफोनी नावाचा वाडा आहे. युद्धात बॉम्बहल्ल्यांपासून जपण्यासाठी उफित्सी संग्रहालयातली चित्रे तिथे हलवली होती. जुलैच्या अखेरीस आठव्या भारतीय डिव्हिजनच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान वाड्यात पोचले, तेव्हा आत बोत्तिचेल्लीची ‘प्रिमावेरा’ भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्यावर पहारा या जवानांनी दिला. त्याच महिन्यात, शेजारच्या उंब्रियात तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्यासारखे कोकणातल्या आणि देशावरच्या शेतकरी घरांतून गेलेले जवान त्या बैलजोड्या, ती खडी आणि ती अर्ध्या वाट्याची घरे पाहून काय म्हणाले असतील, याची नोंद मला कुठे सापडली नाही. ते परके वाटण्यासारखे काही तिथे नव्हते, एवढे खरे.

युद्धानंतर अर्धेल टिकली नाही. कुळांनी संप केले आणि १९४७ मध्ये त्यांचा वाटा ५३ टक्के झाला. १५ सप्टेंबर १९६४ च्या कायद्याने तो ५८ टक्के करून असे नवे करार करण्यास बंदी घातली, आणि १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या करारांत बदलण्याचा मार्ग खुला केला. आपल्याकडे १९४८ चा मुंबई कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन या टप्प्याने कसेल त्याची जमीन झाली, निदान कायद्याने. तोस्कानात कायदा येईपर्यंत कुळे थांबलीच नाहीत. पन्नास आणि साठच्या दशकांत ती घर सोडून कारखान्यांकडे गेली. विहिरीचे पाणी वाहायचे, विजेविना राहायचे, सुनेने अख्ख्या घराच्या हाताखाली राबायचे, आणि शेवटी अर्धे दुसऱ्याच्या कोठारात टाकायचे. शहरात पगार आणि नळ असताना तरुणांनी तिथे का राहावे? ज्या एकट्या घरांना आपण रम्य म्हणतो, त्यांचा एकटेपणा राहणाऱ्यांना नकोसा झाला होता.

मुख्य रस्त्यांवर डांबर आधीच आले होते. १९२८ मध्ये राष्ट्रीय रस्त्यांसाठी स्वतंत्र सरकारी महामंडळ निघाले, आणि युद्धानंतर गावागावांना जोडणारे रस्ते काळे होत गेले. पोदेरेंच्या रस्त्यांची पाळी यायच्या आत ती रिकामी झाली. ज्या रस्त्यावर मतदार नाही, दूधगाडी नाही, शाळेत जाणारे मूल नाही, त्यावर डांबर कोण घालणार? हा माझा तर्क आहे. पण नकाशा तेच सांगतो. जाळे सर्वांत दाट पांढरे राहिले ते जिथून माणसे सर्वांत जास्त उठली त्या भागांत, म्हणजे क्रेते आणि कियांतीच्या आडबाजूंना. पुढे पडकी घरे बाहेरच्यांनी घेतली, १९८५ च्या कायद्याने शेतघरांत पाहुणे ठेवण्याला मान्यता मिळाली, आणि धुळीचा रस्ता अडचणीऐवजी आकर्षण ठरू लागला.

१९९७ मध्ये कियांतीतल्या गायोले गावच्या जानकार्लो ब्रोच्ची यांनी ‘लेरोइका’, म्हणजे वीरांची, ही सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. शर्यत नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. नियम जुन्या सायकलीचे: ती १९८७ पूर्वीची हवी, गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून गेलेल्या हव्यात, पॅडलला पट्टे हवेत. नियम पाहून हे जुन्या वस्तूंचे संमेलन वाटते, पण ब्रोच्चींचा हेतू पांढरे रस्ते डांबरापासून वाचवण्याचा होता आणि तो त्यांनी लपवला नाही. मोठा मार्ग २०९ किलोमीटरचा, अर्ध्याहून जास्त खडीचा. पहाटे अंधारात गायोलेहून निघायचे, दिव्यांच्या उजेडात ब्रोलिओच्या गढीचा चढ चढायचा, सिएनाला वळसा घालून राडी, मुर्लो, बुओनकोन्वेंतो, मोंताल्चीनो, मग अशानो आणि मोंते सांते मारिए, शेवटी कास्तेलनुओवो बेरार्देंगावरून परत. एकही लांब घाट नाही, तरी दिवसभरातली चढाई साडेतीन हजार मीटरच्या पुढे जाते. कारण वर आलेच आहे: रस्ता घराघराला शिवत जातो आणि प्रत्येक घर आपापल्या टेकाडावर. बैलाला सोसेल एवढाच लांब पण चांगलाच तीव्र चढ, उतार, पुन्हा चढ. सासवड-जेजुरीकडच्या मुरमाड वाटांवर सायकल चालवणाऱ्याला हे पायांनी समजते. एका चढावर माणूस दमत नाही, विसाव्यावर दमतो.

फेरीतून २००७ मध्ये व्यावसायिक शर्यत निघाली, पहिली अलेक्सांद्र कोलोब्नेवने जिंकली. पुढच्या वर्षापासून ती मार्चमध्ये गेली आणि फाबियान कान्चेलाराने ती तीनदा जिंकली. मोंते सांते मारिएचा साडेअकरा किलोमीटरचा खडीचा टप्पा आता त्याच्या नावाचा आहे. मे २०१० मध्ये जिरो द’इतालियाची एक फेरी मोंताल्चीनोकडच्या याच रस्त्यांवर पावसात सापडली. चिखलाने अंगावरचे रंग आणि क्रमांक दिसेनासे झाले. कॅडेल एव्हान्स पहिला आला. त्या दिवसाच्या चित्रांनी या रस्त्यांना जी कीर्ती दिली, ती पर्यटन खात्याला कितीही खर्च करून मिळाली नसती. आज लेरोइकाच्या मोठ्या मार्गावर बारमाही पाट्या आहेत, कोणीही केव्हाही जावे. डांबराची वाट पाहणारे रस्ते जपण्याची वस्तू झाले.

यात मला आनंद आहे, पण तक्रारही ऐकून घेतली पाहिजे. जो त्या रस्त्यावर वर्षभर राहतो त्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, द्राक्षवेलींच्या पानांवर आणि म्हाताऱ्यांच्या छातीत तीच पांढरी धूळ बसते. त्याला डांबर हवे असेल तर तो सौंदर्यद्रोही ठरत नाही. सायकलवाला धूळ एक दिवस खातो आणि तिची आठवण घेऊन जातो. रस्ता पांढरा ठेवायचा असेल, तर डांबरापेक्षा वारंवार खर्च करावा लागतो: पावसानंतर ग्रेडर, नवी खडी, चरांची सफाई. पूर्वी हे कुळाच्या फुकट कष्टांतून निघे, आता ते नगरपालिकेच्या तिजोरीतून निघते. पर्यटकांमुळे तिजोरीत भर पडते हेही खरे. फेरीच्या थांब्यांवर सायकलस्वारांना ‘रिबोल्लीता’ वाढतात: शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि काळसर पालेभाजी पुन्हा पुन्हा उकळून केलेले सूप. अर्धेलकऱ्याच्या घरी पाव टाकणे परवडत नसे, त्यातून हा पदार्थ झाला.

आपल्याकडच्या गाव नकाशांवर गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पाऊलवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. जमिनीवर त्या जागी कित्येकदा ऊस उभा असतो. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, बांधावरून नवी वाट मागण्यासाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, आणि २०२१ मध्ये राज्याने पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना रोजगार हमीला जोडून आणली. मागणी योग्यच आहे. ऊस वेळेवर बाहेर निघाला नाही तर नुकसान शेतकऱ्याचे. पण आमच्या चर्चेत पर्याय दोनच असतात, गुडघाभर चिखल किंवा काँक्रीट. मध्ये उंच, कडेला चर, फोडलेली खडी, वर मुरूम आणि दरवर्षी डागडुजी, असा तिसरा रस्ता बाभळीच्या आणि निवडुंगाच्या कुंपणांतून नेता येतो, आणि त्यावर बैलगाडी, ट्रॅक्टर, शाळेची सायकल सगळे चालते. अडते ते डागडुजीपाशी. रस्ता करण्याला योजना असते, उद्घाटन असते. जूनच्या पहिल्या पावसानंतर फावडे घेऊन बुजलेला चर मोकळा करायला जाणाऱ्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते.